कुलूप मशीनला नको, सोसायटीच्या नावाला लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कळव्यात बसून हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर लिहिलंत. सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत आहे, रिपोर्टचा भाग एका मित्राला पैसे देऊन करून घेतला. ठाण्यात बऱ्यापैकी खपलं. कोपरखैरण्यातल्या एका अकाउंटंटने एका सोसायटीसाठी एक प्रत घेतली, आणि आता वाशी, नेरूळ, कामोठ्यातल्या सोसायट्यांची बिलं तुमच्या फॉरमॅटमध्ये निघताना दिसतायत. हार्ड डिस्कच्या नंबरवर लावलेलं कुलूप कुणीतरी काढलंय. तुम्ही विचारताय: डोंगल (मशीनला जोडलेलं असेल तरच प्रोग्राम चालू देणारं छोटं उपकरण) लावू, इंटरनेटवरून परवाना तपासणारं अ‍ॅक्टिव्हेशन लावू, की सरळ पोलिसांत जाऊ?

डोंगल नको. अ‍ॅक्टिव्हेशन जपून. पोलीस सगळ्यात शेवटी, तेही कागद पुरे असतील तर. वागळे इस्टेटमधून दवाखाने, छापखाने आणि छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या तिन्ही वाटा माझ्या पायाखालच्या आहेत. वकील मी नाही. कायद्याचं जे लिहितोय ते वकिलांच्या टेबलासमोर बसून शिकलेलं आहे. नोटीस पाठवण्याआधी तुमच्या वकिलाला दाखवाच.

पहिली गोष्ट, ही चोरी करतोय कोण ते नीट बघा. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी हॅकर असेल, तर ते चित्र पुसा. आपल्याकडे छोट्या सोसायटीचा सेक्रेटरी स्वतः बिलं काढत नाही. एक पार्टटाइम अकाउंटंट असतो, रविवारी सोसायटीच्या ऑफिसात येतो, बाकी काम घरच्या लॅपटॉपवर करतो, आणि अशा डझन-दोन डझन सोसायट्या सांभाळतो. त्याने एका सोसायटीच्या पैशांनी तुमची एक प्रत घेतली, पुढच्या सोसायटीसाठी फोल्डर कॉपी केला, चाललं नाही, मग ओळखीतल्या कुणा डॉटनेट (सी-शार्प ज्यावर चालतं ती प्रणाली) येणाऱ्या पोराला दाखवलं. त्याच्या मनात त्याने चोरी केलेलीच नाही. ‘मी विकत घेतलंय’ असंच तो शपथेवर सांगेल. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही चिडलायत, तोच तुमचा सगळ्यात मोठा होऊ शकणारा गिऱ्हाईक आहे. पुढचं सगळं हे धरून वाचा.

आता कुलपांकडे. माणसं प्रती काढतात आणि लिहिणारा चरफडतो, हे पीसीइतकंच जुनं आहे. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून हीच तक्रार केली होती. १९८० च्या दशकात लोटस १-२-३ या स्प्रेडशीटसारख्या प्रोग्रामना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय चालू होता येत नसे, आणि त्याच बाजारात त्या फ्लॉपीची नक्कल काढून देणारे प्रोग्रामही राजरोस विकले जात. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस लिहिला. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर चोरणाऱ्यांना धडा शिकवायला लिहिला असं ते सांगत. आत स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. फ्लॉपीवरून तो जगभर गेला, आणि ज्यांचा त्या सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नव्हता अशांचे फोन त्यांना येऊ लागले.

डोंगल आपल्याकडे सगळ्यात जास्त पाहिलं ते डीटीपीवाल्यांनी, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवणाऱ्यांनी. नौपाड्यातल्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल मशीनच्या मागे पॅरलल पोर्टला, त्याच्यावर प्रिंटरची केबल, आणि रात्री शटर ओढताना मालक ते काढून खिशात टाकून घरी नेणार. त्या काळी ते जमून जायचं, कारण सॉफ्टवेअर महाग होतं आणि मशीन एकच असे. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. अकाउंटंट दोन लॅपटॉप बदलून वापरतो, कमिटी दर निवडणुकीला बदलते, आणि डोंगल जुन्या खजिनदाराच्या कपाटात राहतं. बिलं काढायच्या पाच तारखेला फोन कुणाला येणार? तुम्हालाच. शिवाय हार्डवेअर, कुरिअर, बदलून देणं हा सगळा खर्च प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या किमतीत जातो, आणि कुलूप काढणारा डोंगलला हातही लावत नाही. तो डोंगल आहे की नाही हे विचारणारी ओळच प्रोग्राममधून काढतो.

हे कसं होतं ते एकदा जवळून बघून घ्या, म्हणजे कुलपांवर किती विसंबायचं ते कळेल. प्रोग्राम परवाना तपासतो आणि चुकीचा असेल तर ‘नोंदणी करा’ या पडद्याकडे वळतो. इंटेल प्रोसेसरवर हे वळण म्हणजे बऱ्याचदा यंत्रभाषेतला एकच बाइट असतो: हेक्स आकड्यांत ७५, अर्थात ‘अमुक असेल तरच उडी मार’. त्या जागी ईबी लिहिलं की ‘काहीही असो, उडी मार’. एक बाइट बदलला, कुलूप उघडलं. तुमच्या सी-शार्पमध्ये तर एवढीही मेहनत नाही. आयएलस्पायसारखं फुकट हत्यार लावलं की तुमचा कोड फंक्शनच्या नावांसकट समोर येतो. ‘चेकलायसन्स’ असं नाव दिलं असेल, तर तुम्ही चोराला खोलीचा नकाशाच दिलात. नावं गुंतागुंतीची करणारं ऑबफस्केशन जरूर वापरा, पण त्याने चोराची संध्याकाळ जाते, महिना नाही.

आणि हार्ड डिस्कचा नंबर. विंडोज जो व्हॉल्यूम सीरियल दाखवतं, तो फॉरमॅट करताना बदलतो, आणि हवा तो घालताही येतो. तुम्ही तोच धरला असेल, तर लॅपटॉप फॉरमॅट केला की प्रामाणिक माणूस बाहेर आणि चोर आत. मदरबोर्डचा नंबर धरावा म्हणाल, तर लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या मशीनवर तो विचारून बघा. कित्येक बोर्ड सीरियलच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असं उत्तर देतात. कारखान्याने भरायचा रकाना कुणी भरलेलाच नसतो, आणि अशा सगळ्या मशीन तुमच्या प्रोग्रामला एकच वाटतात. एकाला दिलेली किल्ली सगळ्यांना लागते.

म्हणून माझं म्हणणं असं: परवाना मशीनशी बांधू नका, सोसायटीशी बांधा. मेंटेनन्सचं बिल हे नावानिशी निघणारं कागदपत्र आहे. वर सोसायटीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता. दुसऱ्या सोसायटीच्या नावाचं बिल कुणी सभासद घेणार नाही, ऑडिटर तर नाहीच नाही. मग परवाना एका छोट्या फाइलमध्ये द्या: सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, फ्लॅटची संख्या, अद्ययावत आवृत्ती कधीपर्यंत मिळेल ती तारीख. त्या फाइलवर तुमच्या खासगी किल्लीने (फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने) डिजिटल सही करा, आणि प्रोग्राममध्ये फक्त सार्वजनिक किल्ली (सही खरी आहे का एवढंच तपासणारी) ठेवा. बिलावरचं नाव डेटाबेसमधून घ्यायचं नाही, सही तपासलेल्या फाइलमधूनच घ्यायचं. तपासणी एकाच जागी नको. बिल छापताना, पावती काढताना, ताळेबंद काढताना वेगवेगळी ठेवा. आता अकाउंटंटने फोल्डर दहा मशीनवर नेला तरी बिल पहिल्याच सोसायटीचं निघेल. तुमच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाने लॅपटॉप बदलला तर त्याला तुमचा फोन लावावा लागणार नाही, आणि बॅकअप ठेवण्यातही आडकाठी नाही. तो हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने त्याला दिलेलाच आहे.

हे तोडता येतं का? येतं. सार्वजनिक किल्ली बदलून स्वतःची घालणारा निघेल. पण मग प्रत्येक सोसायटीसाठी त्याला स्वतः परवाना बनवावा लागेल, आणि तुमची पुढची आवृत्ती आली की सगळं पुन्हा. एवढे कष्ट तो तुमच्या किमतीपेक्षा स्वस्तात करणार असेल, तर मात्र किमतीचा विचार करा.

त्याच फाइलमधून बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात परवाना क्रमांक छापा. सभासदांना बिलं हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून जातात. नेरूळच्या सोसायटीच्या बिलावर कोपरखैरण्याचा क्रमांक दिसला, की पुरावा स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे चालत आला.

अ‍ॅक्टिव्हेशनबद्दल. पहिल्यांदा फाइल उतरवण्यापुरतं इंटरनेट लागलं तर हरकत नाही. रोज सर्व्हरला विचारून चालणारं मात्र करू नका. तुमचा सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाइकाचं काम बंद, आणि उद्या तुम्हीच नोकरीला लागलात तर काय? तारखेवर मुदत तपासत असाल, तर घड्याळ मागे गेलं म्हणून लगेच चोर ठरवू नका. जुन्या मशीनमधला बटणासारखा सेल संपला, की घड्याळ दर सकाळी कुठल्या तरी जुन्या सालात उघडतं. तसं झालं तर विचारा, तारीख दुरुस्त करायला सांगा, पुढे जाऊ द्या.

एक गोष्ट बजावून सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘चोरीची प्रत सापडली तर डेटा लॉक करावा का’ असं एक वाक्य आहे. अजिबात नाही. परवाना खोटा निघाला तर नवी बिलं थांबवा, जुना डेटा बघायला आणि बाहेर काढायला मोकळा ठेवा. दुसऱ्याच्या संगणकातला डेटा परवानगीशिवाय पुसणं, बिघडवणं किंवा त्याच्यापर्यंत पोचू न देणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि हेतू वाईट ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘पण तो चोर होता’ ही त्यावरची पळवाट नाही. तो डेटा अकाउंटंटचा नाहीच, ऐंशी फ्लॅटवाल्यांचा आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीवर प्रती रोखणारं सॉफ्टवेअर घातलं आणि ते लोकांच्या विंडोजमध्ये लपून बसलं. सीडी परत बोलवाव्या लागल्या, अमेरिकेत दावे झाले. गाणी चोरणारे बाजूला राहिले, आरोपी कंपनी झाली.

कायद्याकडे येताना पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारतो: हे सॉफ्टवेअर तुमचं आहे याचा कागद कुठाय? कॉपीराइट कायदा १९५७ चा, संगणक प्रोग्राम त्यात ‘साहित्यकृती’ म्हणून येतो, आणि लिहिता क्षणी हक्क मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. इथवर ठीक. पण रिपोर्टचा भाग मित्राने लिहिलाय. तो तुमचा पगारी नोकर नव्हता. पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून कोड लिहून घेतला, तर कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक लिहिणारा असतो. तुमच्याकडे हक्क यायचा तर लेखी, त्याच्या सहीचं हस्तांतरण हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतं. म्हणजे गुगलपेची पावती आणि ‘डन भाऊ’ हा मेसेज यांनी काम भागत नाही. या आठवड्यात मित्राला गाठा, चहा पाजा, ‘संपूर्ण हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ असं लिहून सही घ्या. आज तो हसत सही करेल. तुमचा दावा उभा राहिल्यावर समोरचा वकील त्याला आधी शोधून काढेल, आणि मग त्या सहीची किंमत वेगळी असेल.

ते झालं की नोंदणी करून टाका. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क एका कृतीला ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, डायरी नंबर (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबतात. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, मधलं काही काळं न करता. त्या पानांत पासवर्ड किंवा खासगी किल्ली राहिली नाही ना, ते बघा. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, पण कलम ४८ प्रमाणे ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. पोलीस ठाण्यातल्या अंमलदारापुढे छापील दाखला ठेवणं आणि सोर्स कोड समजावत बसणं यांत काय फरक पडतो, ते वेगळं सांगायला नको.

स्वतःचं घरही झाडून घ्या. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी फॉन्ट आहे, तो कुठून आला? डीटीपीवाल्याच्या मशीनवरून उचललेला असेल, तर तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला कुणाचा तरी फॉन्ट चोरून वाटताय. तो आजच काढा. मुक्तासारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत देता येतात. कोडमध्ये जीपीएल परवान्याची लायब्ररी चिकटवली असेल, तर तीही तपासा, त्या परवान्याच्या अटी सोर्स कोड न देता विकलेल्या सॉफ्टवेअरशी जुळत नाहीत.

आता कारवाई. त्याआधी खात्री: फॉरमॅट तुमच्यासारखा दिसतोय म्हणजे प्रोग्राम तुमचाच, असं नाही. कल्पनेवर किंवा ठरीव मांडणीवर कॉपीराइट नसतो, आणि मेंटेनन्स बिलात सेवाशुल्क, सिंकिंग फंड, थकबाकी, व्याज हे रकाने सगळ्यांचेच असतात. कुणीतरी स्वतः लिहिलेलं असू शकतं. तुमच्याच कोडची खूण शोधा. व्याजातले पैसे राउंड करण्याची तुमची खास तऱ्हा, रिपोर्टमध्ये राहून गेलेली शुद्धलेखनाची चूक, पीडीएफच्या गुणधर्मांत दिसणारं नाव. अशी बिलं ज्या सभासदाकडून मिळाली त्याच्याकडून मूळ फाइल घ्या, स्क्रीनशॉट नको. फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा संगणकी ठसा, काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश लिहायचा असतो आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. कॉपीराइट कायद्यातही एक कलम ६३ आहे, हे लक्षात ठेवा, कारण दोन्हींचा घोळ मी वकिलांच्या ऑफिसातही ऐकलाय.

कॉपीराइटचं कलम ६३ जाणूनबुजून प्रत काढणाऱ्यासाठी: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. कलम ६३ब वापरणाऱ्यासाठी: चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर किमान सात दिवस कैद. इथे ‘माहीत असून’ हे महत्त्वाचं. नेरूळच्या सोसायटीला वाटतंय अकाउंटंटने सगळं रीतसर घेतलंय. तिला आज काहीच माहीत नाही. तुमचं पत्र पोचल्याच्या दिवसापासून तिला माहीत आहे. म्हणून सोसायटीला पहिलं पत्र साधं, मराठीत, सेक्रेटरी आणि खजिनदाराच्या नावे, स्पीड पोस्टाने. धमकी नको. ‘आपल्या बिलांवर अमुक परवाना क्रमांक दिसतो, तो दुसऱ्या संस्थेच्या नावे आहे, कृपया खरेदीची पावती तपासावी.’ पोच जपून ठेवा. बहुतेक कमिट्या त्याच रविवारी अकाउंटंटला समोर बसवतात.

सभासदांच्या ग्रुपवर ‘हे चोर आहेत’ असं टाकायचा मोह होईल. नका टाकू. अब्रुनुकसानी आहेच, वर कॉपीराइटच्या कलम ६० प्रमाणे निराधार धमकी देणाऱ्यावरच उलटा दावा लावता येतो.

दिवाणी दावा करायची वेळ आलीच, तर कलम ६२ तुम्हाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू देतं, म्हणजे ठाण्यात. पोलिसांचं वेगळं आहे. कोपरखैरणे, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात, कामोठे रायगड जिल्ह्यात, पण सगळे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. तक्रार जिथे प्रत निघाली तिथली, म्हणजे बहुधा अकाउंटंटच्या भागातली. पण एका पार्टटाइम अकाउंटंटला अजामीनपात्र गुन्ह्यात अडकवून तुमच्या हाती काय लागणार, ते स्वतःला विचारा. बाकीचे अकाउंटंट तुमचं सॉफ्टवेअर सोडून एक्सेलवर जातील. तुमच्या प्रती बनवून कुणी विकत असेल, सीडी-पेनड्राइव्हचा धंदा करत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मी स्वतः पोलिसांत जाईन. फौजदार हुद्द्याचा अधिकारी कलम ६४ खाली वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो.

या माणसाला मात्र मी भेटेन. वाशी स्टेशनजवळ एखाद्या उडप्याकडे, वकिलाशिवाय. टेबलावर बिलांच्या प्रिंट ठेवायच्या, आवाज चढवायचा नाही. त्याच्यासमोर एकच प्रस्ताव: अकाउंटंट परवाना. वर्षाला एक रक्कम, तो सांभाळतो तेवढ्या सोसायट्या, प्रत्येकीची वेगळी सही केलेली फाइल, नवी सोसायटी जोडली की त्याला थोडं कमिशन. मागच्या वापराची ठरेल ती रक्कम चेकने, आणि एका पानावर लेखी कबुली की यापुढे विनापरवाना प्रत वापरणार नाही. त्याने सही केली तर प्रश्न मिटला, नाही केली तर तुमच्या फाइलमध्ये नोटिशीआधीच्या प्रयत्नाची नोंद राहिली.

तो का मानेल? कारण त्याला प्रोग्रामपेक्षा चालू प्रोग्राम हवाय. सभासदाचं मासिक योगदान ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो. २०१८ मध्ये ही मासिक मर्यादा ५,००० वरून वाढवली, तेव्हा जुन्या प्रतींवर बसलेल्या किती जणांची बिलं चुकली ते ऑडिटरना विचारा. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाही. असे नियम प्रोग्राममध्ये बसवणं, दुरुस्त करणं, ऑडिटच्या आदल्या रात्री फोन उचलणं, हे फोल्डर कॉपी करून मिळत नाही. नव्या पद्धतीची आवृत्ती मार्चअखेरच्या आधी सोडा. आरंभीच्या शिलका पुढे ओढायच्या असतात, तेव्हा सगळ्यांनाच नवी आवृत्ती हवी असते, आणि परवाना फाइल तेव्हा मागितली तर कुणी कुरकुर करत नाही. मित्राची सही मात्र त्याच्या आधी घ्या.